मेसेजमधला आवाज

शाळेच्या किंवा क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मुलाने दुसऱ्याला घाणेरड्या शिव्या दिल्या, कुणाच्या चेहऱ्याचं स्टिकर करून ते ग्रुपभर फिरवलं, की पुढचं सगळं ठरलेलं असतं. स्क्रीनशॉट वर्गशिक्षकांकडे जातो, शिक्षक आईवडिलांना बोलावून घेतात, आईवडील घरी येऊन फोन काढून घेतात. फोन घेता घेता चार शब्दही ऐकवतात. ‘नाक कापलंस आमचं.’ ‘तुला जन्माला घातलं हेच चुकलं.’ ‘तू सुधारणार नाहीस, लिहून देतो.’ मग मोबाइलला दोष देऊन सगळे मोकळे होतात. जे ऐकत ऐकत हे मूल इथवर आलेलं असू शकतं, तेच त्याला शिक्षा म्हणून आणखी एकदा ऐकवलं गेलं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

लहानपणचा भावनिक छळ आणि किशोरवयातली ऑनलाइन आक्रमकता यांचं नातं अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अलीकडे यातलं बरंच काम चीनमधल्या शाळकरी आणि कॉलेजच्या मुलांवर झालं. पद्धत बहुतेक ठिकाणी एकच असते. मुलांना एका बैठकीत प्रश्नावल्या देतात. एकीत लहानपणी घरात काय काय ऐकलं-सोसलं ते, दुसरीत आपण ऑनलाइन कुणाला काय काय केलं ते. मग दोन्हींचा ताळा बघतात. ताळा जुळतो, पण एकाच दिवशी भरून घेतलेल्या उत्तरांवरून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे ठरत नाही. छळ सोसलेली बहुतेक मुलं कुणाला ऑनलाइन त्रास देत नाहीत. आणि त्रास देणारं प्रत्येक मूल अशाच घरातून येतं असंही नाही. एवढं बजावून मगच पुढे जायला हवं, नाहीतर शाळेतून आलेल्या एका फोनवरून एखाद्या आईला गुन्हेगार ठरवून आपण मोकळे होऊ.

‘छळ’ म्हटलं की आपल्याकडे पट्टा, डाग देणं, उपाशी ठेवणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. ‘आम्ही याला कधी बोटही लावलं नाही’ असं सांगणारे वडील खरंच बोलत असतात. जेम्स गार्बारिनो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८६ मध्ये भावनिक छळाचे पाच प्रकार मांडले: झिडकारणं, एकटं पाडणं, दहशतीत ठेवणं, दुर्लक्ष करणं आणि वाईट वळण लावणं. आपल्या घरांमध्ये ते शोधायला लांब जावं लागत नाही. झिडकारणं किती थराला जातं, हे २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात दिसलं. ‘नकोशी’ म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या २८५ मुलींचं तेव्हा समारंभाने नव्याने बारसं झालं. तोवर हजेरीपटावरचं नावच त्यांना रोज झिडकारत होतं. दहशत म्हणजे ‘होस्टेलला टाकीन’, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘मी एक दिवस जीव देईन, मग कळेल तुम्हाला’. वाईट वळण म्हणजे फक्त दारू-तंबाखू समजू नये. आईवडिलांच्या भांडणात मुलाला निरोप्या करणं, ‘तुझ्या बापाला सांग’ म्हणत त्याच्याच तोंडून दुसऱ्याला टोचून बोलणं, हेही त्यात येतं.

यातला सगळ्यात दुर्लक्षित प्रकार अबोला. मोठी माणसं त्याला संयम समजतात: ‘मी ओरडत नाही, फक्त बोलणं बंद करते.’ एडवर्ड ट्रोनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात केलेला प्रयोग इथे आठवतो. बाळाशी खेळणारी आई मधेच दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार करते. बाळ हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, पुन्हा पुन्हा तिला ओढून आणायला बघतं, आणि काही केल्या जमत नाही तेव्हा तोंड फिरवून गळून जातं. ती दोन-तीन मिनिटं होती. आपल्या घरांत चौदा वर्षांच्या मुलाशी चार-चार दिवस कुणी बोलत नाही. ताट पुढे सरकवलं जातं आणि त्याच्यासमोर त्याच्या भावाशी मुद्दाम हसून बोललं जातं.

संशोधक हे मोजतात कसं? डेव्हिड बर्नस्टाइन यांच्या, लहानपणच्या छळाविषयीच्या प्रश्नावलीचं २००३ मध्ये आलेलं छोटं रूप सर्वाधिक वापरात आहे. त्यात २८ विधानं आहेत. पाच प्रकारच्या छळांची (हे प्रकार वरचे नव्हेत: भावनिक, शारीरिक, लैंगिक छळ आणि भावनिक, शारीरिक दुर्लक्ष) प्रत्येकी पाच, आणि उरलेली तीन ‘आमच्या घरी सगळं छानच होतं’ असं रंगवून सांगणारी उत्तरं ओळखण्यासाठी. भावनिक छळाच्या पाच विधानांचा आशय साधारण असा: घरची माणसं मला मूर्ख, आळशी, कुरूप म्हणत, मी जन्मायला नको होतो असं आईवडिलांना वाटतं असं मला वाटे, घरचे लागट बोलत, घरात कुणीतरी माझा द्वेष करतं असं वाटे, माझा भावनिक छळ झाला असं मी मानतो. प्रत्येकाला ‘कधीच नाही’ ते ‘अगदी नेहमी’ असे १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज ५ ते २५. घरी बसून मुलावर ही चाचणी करायची नसते. पण ही पाच वाक्यं एकदा स्वतःशी वाचून पाहावीत. यात मारहाण कुठेच नाही.

आपल्या देशातलं चित्र केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात आहे. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला आणि त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. दर दोघांतल्या एका मुलाने भावनिक छळ सोसल्याचं सांगितलं, मुलगे आणि मुली सारख्याच प्रमाणात. त्यातल्या ८३ टक्के प्रकरणांत छळ करणारे आईवडीलच होते. अहवाल जुना झाला, पण तो वाचून ‘हे आमच्याकडचं नाही’ असं म्हणायची सोय उरत नाही.

मग रागवायचंच नाही का? रागवावं की. घरात मूल असलं की आवाज चढतोच. फरक तीन ठिकाणी बघावा. राग कशावर आहे: ‘तू खोटं बोललास’ हे कृतीवर झालं, ‘तू खोटारडाच आहेस, जात्याच’ हे माणसावर. किती वेळा होतं: महिन्यातून एकदा उसळलेला राग आणि रोज संध्याकाळी चालणारी निर्भर्त्सना यांत मूल बरोबर फरक करतं. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं: नंतर काय होतं. ज्या घरात तासाभराने कुणीतरी जवळ येऊन ‘जास्तच बोलले मी’ म्हणतं, तिथे ओरडणं वाहून जातं. ज्या घरात ते शब्द तसेच राहू दिले जातात आणि सकाळी सगळे काही झालंच नाही असं वागतात, तिथे ते मुलाच्या आत घर करून बसतात.

आता फोनकडे येऊ. समजा, नववीतली एक मुलगी. रात्री पावणेदहाला विज्ञान प्रकल्पाच्या ग्रुपवर ती आपण काढलेल्या आकृतीचा फोटो टाकते. मेसेजची माहिती उघडून बघते: चौघींनी वाचलंय. बारा मिनिटं कुणी काहीच लिहीत नाही. मग एकीचं ‘हम्म’ येतं. पाठोपाठ दुसरीची हसणारी इमोजी. ती कदाचित दुपारच्या जोकवर असेल, कदाचित चुकून लागली असेल. ही लिहिते, ‘स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्याला हसायचं’. तिकडून ‘चिल ना’ येतं. त्यावर ही त्या मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली, तिच्या वडिलांच्या दारूची गोष्ट आठ जणींच्या ग्रुपवर टाकून देते. दहा वाजून पाच मिनिटांनी त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर पोचलेला असतो.

बाहेरून बघणाऱ्याला यात दिसतो तो दुष्टपणा. आत काय घडलं ते ‘हम्म’ आणि इमोजी यांच्या मधल्या वेळेत घडलं.

केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलगे एक कोडं जुळवत असतात आणि कळतं, की दुसऱ्या मुलाने ते विस्कटलं. मुद्दाम विस्कटलं हे स्पष्ट असेल किंवा चुकून झालं हे स्पष्ट असेल, तर मारकुटे आणि शांत मुलगे दोन्ही सारखेच वागले. फरक पडला तो हेतू कळत नव्हता तेव्हा. मारकुट्या मुलांनी तेव्हा मुद्दामच केलं असं धरून चालून उत्तर दिलं. पुढे १९९४ मध्ये निकी क्रिक आणि डॉज यांनी या विचारप्रक्रियेच्या सहा पायऱ्या मांडल्या: काय दिसलं, त्याचा अर्थ काय लावला, मला काय हवंय, काय काय करता येईल, त्यातलं काय निवडू, आणि प्रत्यक्ष कृती. आपल्याला फक्त सहावी पायरी दिसते आणि शिक्षाही तिचीच होते. बिघाड दुसऱ्या पायरीवर असतो.

तो तिथे होतो कसा? सेठ पोलक आणि पवन सिन्हा यांनी २००२ मध्ये मारहाण सोसलेल्या मुलांना अस्पष्ट चेहरे दाखवले आणि ते हळूहळू स्पष्ट करत नेले. या मुलांनी रागीट चेहरा इतरांच्या आधी, कमी खुणांवरून ओळखला. तो अभ्यास शारीरिक छळाचा होता, पण शब्दांचा मार खाणाऱ्या मुलांबरोबर ज्यांनी काम केलं आहे त्यांना हे कान ओळखीचे आहेत. दारातल्या चपलेच्या आवाजावरून, कुलपात चावी कशी फिरली यावरून, ही मुलं बाबांचा मूड ओळखतात आणि पुस्तक उघडून बसतात. त्या घरात ते शहाणपण आहे. धोका नसताना तो आहे असं वाटलं तर फार बिघडत नाही, पण असताना ओळखता आला नाही तर संध्याकाळ अंगावर येते. म्हणून मूल कायम वाईटच धरून चालायला शिकतं.

आणि मग असं मूल फोनवर येतं, जिथे ना चेहरा आहे ना आवाज. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की आपण ईमेलमध्ये लिहिलेला टोमणा समोरच्याला टोमणा म्हणूनच कळेल याची लिहिणाऱ्याला खात्री असते. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचा अंदाज नाणं उडवून जितका बरोबर यावा त्याच्या फार पुढे गेला नाही. तेच वाक्य आवाजात ऐकवलं तेव्हा अंदाज पुष्कळ सुधारला. लिहिलेल्या शब्दाला आवाज वाचणारा देतो, आणि जो आवाज त्याच्या कानात सर्वांत जास्त घुमलेला असतो तोच देतो. त्या मुलीने ‘हम्म’ वाचलं ते मैत्रिणीच्या आवाजात वाचलंच नाही. निकालाचा कागद हातात धरून ‘हम्म, आणि बाकीचे ८ टक्के कुठे गेले?’ विचारणाऱ्या आवाजात वाचलं. मला या साऱ्या विषयाचं मर्म इथे वाटतं, आणि म्हणूनच नुसतं ॲप काढून टाकण्यावर माझा भरवसा नाही.

फोन मात्र निर्दोष नाही. जॉन सुलर यांनी २००४ मध्ये ऑनलाइन माणसाचा बांध का सुटतो याची सहा कारणं सांगितली. त्यांत अनामिकता, समोरच्याला न दिसणं, उत्तर लगेच झेलावं न लागणं, अधिकाराची माणसं तिथे नसणं ही येतात. आपण दोष देतो तो खोट्या अकाउंटला. पण इस्रायलमध्ये नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक यांनी २०१२ मध्ये हे घटक वेगवेगळे करून पाहिले, तेव्हा विखारी बोलण्याशी सगळ्यात जास्त संबंध निघाला तो नजरानजर नसण्याचा. वर्गाच्या ग्रुपवर तर सगळ्यांची नावं-नंबर माहीतच असतात, तरीही तिथे एवढं जहर का उतरतं, याचा खुलासा यातून होतो. मैत्रिणीचे डोळे भरून आलेले दिसले असते तर दुसरं वाक्य तोंडातच राहिलं असतं.

बाकी उरतं ते वड्याचं तेल वांग्यावर. घरात वडिलांना उलटून बोलता येत नाही, क्लासच्या सरांना येत नाही. साचलेला राग निघतो तो जिथे उलट मार बसणार नाही तिथे: गेमच्या व्हॉइस चॅटवर अनोळखी खेळाडूवर, एखाद्या मुलीच्या रीलखाली, वर्गातल्या सगळ्यात गरीब मुलावर.

पण एक वेगळी जात आहे आणि ती ओळखायला हवी, कारण तिच्यावरचा उपायही वेगळा आहे. काही मुलं चिडून लिहीत नाहीत. ती थंड डोक्याने लिहितात. चार दिवस आधी ठरवून खोटं अकाउंट उघडतात, कन्फेशन पेजवर, म्हणजे नाव न सांगता काहीही लिहायच्या पानावर, एकाच मुलीबद्दल रोज एक ओळ टाकतात, किती जण हसले ते मोजतात. यांनीही घरातूनच काही उचललेलं असू शकतं, ते वेगळं: ज्याच्या हातात सत्ता तो चारचौघांत दुसऱ्याचा पाणउतारा करतो आणि बाकीचे हसतात. अनेक घरांत तर पाणउतारा आता ऑनलाइनच होतो. घटक चाचणीचा लाल शेरा मारलेला पेपर नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो, ‘आमच्या चिरंजीवांचे प्रताप’ असं वर लिहून, आणि खाली काका-मावश्यांच्या हसऱ्या इमोजींची रांग लागते. दुसऱ्याच्या लाजेचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा असतो, हे त्या मुलाला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

ओळखायचं कसं? तीन गोष्टी बघाव्यात: वेळ, तयारी आणि नंतरचा चेहरा. चिडून केलेलं काही मिनिटांत होतं, बहुधा रात्री, स्वतःच्याच अकाउंटवरून, आणि नंतर लाज किंवा भीती दिसते. मूल मेसेज डिलीट करायला धावतं. थंडपणे केलेल्याला नियोजन असतं, प्रेक्षक असतात, आणि ‘मजा केली फक्त’ हे उत्तर तयार असतं. भावनिक छळाचा धागा पहिल्या प्रकारात जास्त थेट दिसतो. अनेक मुलं एकाच वेळी त्रास देणारी आणि सोसणारीही असतात, म्हणून फोनमधले फक्त गेलेले मेसेज वाचून निकाल देऊ नये. आलेलेही वाचावेत.

स्क्रीनशॉट हातात पडला त्या संध्याकाळी काय करावं, हे जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक नुकसान त्या दोन तासांत होतं.

फोन हिसकावू नये. हिसकावला की मूल मित्राच्या फोनवरून दुसरं अकाउंट उघडतं आणि आपल्या हातात होतं तेवढंही दिसेनासं होतं. शांतपणे दोघांनी मिळून सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट घ्यावेत. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज सुमारे ६० तासांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, म्हणून हे त्याच दिवशी करावं. इन्स्टाग्राम असेल तर वर दिसणारं नाव पुरत नाही, युजरनेम टिपून ठेवावं. दिसणारं नाव कधीही बदलतं. याला एकच अपवाद, पण फार मोठा: अल्पवयीन मुलीचा किंवा मुलाचा अश्लील फोटो असेल, खरा, मॉर्फ केलेला किंवा एआयने बनवलेला, तर ‘पुरावा’ म्हणूनसुद्धा तो स्वतःकडे साठवू नये आणि कुणालाही पाठवू नये. तो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली गुन्हा आहे, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदाही लागू शकतो, आणि करणारा अल्पवयीन असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. अशा वेळी अकाउंटचं नाव आणि लिंक लिहून घेऊन सायबर पोलिसांकडे किंवा केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करावी. ज्या मुलीचा फोटो आहे तिच्यासाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवाही आहे. ती फोटो मागत नाही, तिच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार करून घेते आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात.

बोलणं त्याच दिवशी व्हावं, पण त्याच तासाला नको. समोर बसवून चौकशी केली की मूल गप्प होतं. शेजारी शेजारी चालताना किंवा भाजी निवडताना बोलतं. वीस मिनिटं पुरेत. ‘का केलंस?’ या प्रश्नाला उत्तर नसतं, त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं. ‘काय काय झालं, सुरुवातीपासून सांग’ याला असतं. एका कागदावर पाच रकाने आखावेत: किती वाजता, स्क्रीनवर काय दिसलं, मनात काय आलं, अंगात काय झालं, काय टाइप केलं. दुसरा आणि पाचवा रकाना पटकन भरतो. मधले दोन कोरे राहतात, आणि काम तिथेच आहे. ‘सगळ्या हसतायत माझ्यावर’, ‘छातीत धडधडलं’, ‘कान गरम झाले’ एवढं जरी आलं तरी त्या दिवशी बस. मग एक प्रश्न मागे जाऊन विचारायचा: त्याच्या आधी, संध्याकाळी, घरात काय झालं होतं? हे उत्तर ऐकायची तयारी ठेवूनच तो विचारावा.

अर्थ लावायची सवय बदलता येते. सिंथिया हडली आणि सँड्रा ग्रॅहम यांनी १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या मुलांसाठी १२ पाठांचा कार्यक्रम करून पाहिला. दुसऱ्याचा हेतू ओळखायचा, हेतू स्पष्ट नसेल तर तो अपघात धरायचा, आणि मग काय करायचं ते ठरवायचं, एवढंच त्यात शिकवलं. मुलांनी दुसऱ्यावर वाईट हेतू लादणं कमी झालं, आणि शिक्षकांच्या नोंदींतली आक्रमकताही. घरी याचं साधं रूप असं: खटकलेल्या मेसेजचे आणखी तीन अर्थ लिहायचे. ‘हम्म’ म्हणजे ती जेवत असेल. तिला आकृती कळली नसेल. ती खरंच नाराज असेल. तिसरा अर्थ वाईट असला तरी चालतो. इथे मोठी माणसं हमखास चुकतात ती अशी, की लगेच म्हणतात, ‘तुझाच गैरसमज आहे, कुणी हसत नव्हतं.’ ज्या मुलाचं वाटणं आयुष्यभर खोडून काढलं गेलं, त्याचं आणखी एकदा खोडलं गेलं. ‘तुला तसं वाटलं हे कळतंय मला, आणखी काय असू शकेल?’ असं विचारावं. आणि कधीकधी मैत्रिणी खरंच हसत असतात. तेव्हा तसं म्हणावं.

उशीर करायची सोयही हवी. उत्तर चॅटच्या चौकटीत टाइप करायचंच नाही, नोट्समध्ये लिहायचं; चौकटीत लिहिलेलं अंगठा लागला तरी जातं. वीस मिनिटांनी वाचून मग ठरवायचं. त्याहून बरं म्हणजे त्या मैत्रिणीला फोन लावायचा, कारण आवाज ऐकला की निम्मे अर्थ आपोआप गळतात. रात्री ग्रुप म्यूट, आणि फोन चार्जिंगला हॉलमध्ये, आईवडिलांचे धरून. फक्त मुलाचा फोन हॉलमध्ये आणि बाबा अंथरुणात रील बघतायत, असं असेल तर ती शिस्त म्हणून पोचत नाही, अपमान म्हणून पोचते.

थंडपणे छळणाऱ्या मुलावर हे रकाने फारसे चालत नाहीत. त्याच्यापुढे ‘तिला काय वाटलं असेल’ याचं व्याख्यानही वाया जातं; तिला काय वाटेल हे त्याला नेमकं ठाऊक होतं, म्हणून तर केलं. तिथे प्रेक्षक काढून घ्यावे लागतात, पेज त्याच्याच हाताने बंद करून घ्यावं लागतं, आणि ठरवलेले परिणाम न ओरडता, न चुकता लागू करावे लागतात.

आता सगळ्यात अवघड भाग, आईवडिलांचा. रकान्यांतून घरातले शब्द बाहेर आले तर माफी मागावी लागते, आणि ती नेमकी असावी लागते. ‘काही चुकलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे. ‘तू जन्माला यायला नको होतास असं मी दोनदा म्हणाले. ते खरं नाही आणि तसं म्हणणं चूक होतं.’ इथे थांबायचं. ‘पण तूही…’ सुरू झालं की आधीचं सगळं पुसलं जातं. रडू आलं तर दुसऱ्या खोलीत जावं. आईचं सांत्वन करायची जबाबदारी मुलावर टाकणं हा त्याच जुन्या ओझ्याचा भाग आहे. ‘आता कधीच ओरडणार नाही’ असं वचन देऊ नये, आठ दिवसांत मोडतं. ‘ओरडले तर त्याच दिवशी येऊन बोलेन’ हे पाळता येतं. आणि मूल लगेच विरघळत नाही. सुरुवातीला ते चिडवून बघतं, जुना आवाज परत येतो का हे तपासतं. हा टप्पा बहुतेक घरांना धीर सोडायला लावतो. तो आला याचा अर्थ मुलाने नव्या वागण्याची दखल घेतली आहे. यातले पुष्कळ आईवडील स्वतः हेच ऐकत वाढलेले असतात. त्यांच्यासाठीही कुणीतरी हवं, आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

ज्या मुलीची गोष्ट ग्रुपवर फोडली गेली, ती या सगळ्यात विसरली जाऊ नये. कारण समजलं म्हणून तिला झालेली इजा कमी होत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत दोघींना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ म्हणणं तिच्यावर दुसरा अन्याय आहे. आधी तिला विचारावं: माफी हवी का, लेखी की समोर, कोण हजर असावं. नको म्हणाली तर नको. माफीत आपण काय केलं ते असावं, आपल्या घरची कहाणी नसावी. जिथे इजा झाली तिथे, म्हणजे ग्रुपवर, ‘मी ती गोष्ट टाकायला नको होती, कुणी पुढे पाठवू नका’ एवढंच लिहावं. गोष्ट पुन्हा उगाळू नये. आणि घासाघीस न करता मैत्री संपली हे मान्य करावं.

छळणारी व्यक्ती घरातलीच असेल आणि थांबत नसेल, तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर मूल स्वतःही फोन करू शकतं. बाल न्याय कायदा २०१५ च्या ७५ व्या कलमात मुलाला मानसिक यातना देणंही येतं. छळ शाळेत शिक्षकांकडून होत असेल, तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळवणुकीलाही मनाई केली आहे; तक्रारीत हे कलम लिहावं. मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाचं बोलत असेल, झोप आणि जेवण दोन्ही बिघडलं असेल, तर रकाने बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

समुपदेशक निवडताना किशोरवयीन मुलांबरोबर काम केल्याचा अनुभव विचारावा. छळाच्या आघातासाठी जूडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी बसवलेल्या उपचारपद्धतीत साधारण १२ ते १६ बैठका होतात, मुलासोबत पालकांच्याही. म्हणून ‘याला जरा समजावून सांगा’ म्हणत मुलाला दारात सोडून जाता येत नाही. पहिल्याच भेटीत गोपनीयतेचं स्पष्ट बोलून घ्यावं: मुलाने सांगितलेलं आईवडिलांना कळणार नाही, फक्त जिवाला धोका असेल किंवा कायद्याने कळवणं भाग असेल तेवढंच सांगितलं जाईल. हे मुलाच्या समोर ठरावं. बाहेर आल्यावर गाडीत ‘काय काय विचारलं?’ हा प्रश्न आईवडिलांनी गिळून टाकावा. घरी जायच्या रस्त्यावर मुलाने आपणहून एखादं वाक्य बोललंच, तर तेवढंच ऐकून घ्यावं.